दहा ते अकरा विक्री बंद

घरात येणाऱ्या प्रत्येक पुड्यावर छापलेला फोन नंबर बाई लावून पाहत. चहाचा, साबणाचा, मिठाचा, अगरबत्तीचा. तक्रार करायला नाही. दुपारी जेवण झालं की ओट्यावरच्या खुर्चीत बसून, चष्मा कपाळावर ढकलून त्या नंबर दाबत, आणि मी दुकानातून ऐकत असे.

"बोला मॅडम, आपली तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. चहा चांगला निघाला यावेळी. तेच सांगाले फोन केला."

"मॅडम, त्यासाठी इथं पर्याय नाही. मी 'इतर'मध्ये टाकू का?"

"टाक. पण चांगला हाय म्हणून टाक. नाहीतर तुहे साहेब समजतीन म्हातारी भांडत होती."

कधी माणसाऐवजी यंत्राचा आवाज यायचा. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. त्या आवाजाचंही बाई पूर्ण ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "झालं तुहं? आता माणूस दे."

चहापत्तीला शाबासकी देणाऱ्या या बाईंनी, मी अकरा वर्षं त्यांचा भाडेकरू असताना, मला एकदाही चांगलं म्हटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की माझं त्यांच्याशी काही भांडण नव्हतं. होतं. बाईंना जाऊन वर्ष झालं, तरी अजून आहे.

मी मूळचा फुलसावंगीचा. पाठीशी कोणी नव्हतं. आधी बाजारोबाजारी फिरून पंपाचे सुटे भाग विकले, मग मोटारी, मग एका कंपनीच्या फवारणी पंपांची एजन्सी मिळवली. त्यासाठी त्या कंपनीच्या साहेबांच्या दारात किती वेळा उभा राहिलो, ते मोजलं नाही. एजन्सी मिळाली तेव्हा घाटंजीत मोक्याची जागा पाहिजे होती, आणि बाईंच्या घराचा पुढचा गाळा रिकामा होता.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. हाताने तारा जोडून कॉल लावून द्यायचे दिवस होते तेव्हापासूनच्या ऑपरेटर. निवृत्तीच्या पैशात त्यांनी रस्त्यावर घर बांधलं होतं. मागे दोन खोल्या, पुढे दुकानाचा गाळा. येणारेजाणारे "जयभीम बाई" म्हणत, आणि बाई आवाजावरून मान वर न करता माणूस ओळखत.

भाड्यावर आमची घासाघीस झाली. त्या कामात मला तोड नाही, हे मी अभिमानाने सांगतो. भाडं मी माझ्या मनासारखं पाडलं. मग बाईंनी स्टॅम्पपेपर पुढे केला. शेवटून दुसरी अट अशी होती: बाजाराच्या दिवशी सकाळी पहिले तीन तास भाडेकरू काहीही विकणार नाही. त्या वेळात तो फक्त लोकांच्या तक्रारी ऐकेल.

"बाई, हे काय? बाजाराचाच तर दिवस असते धंद्याचा."

"म्हणूनच. त्या दिवशी खेड्यातली माणसं येतात."

"अन् समोर गिऱ्हाईक नोटा घेऊन उभं राह्यलं तर?"

"त्याले म्हण, बस. दुसऱ्याचं ऐक तवापर्यंत. त्याले समजू दे आपण कोणाच्या दुकानात आलो ते."

मी चिडलो, उठलो, ओट्याखाली उतरलो, पुन्हा चढलो. तासभर भांडून तीन तासांवरून एका तासावर आणलं. दहा ते अकरा. जिंकलो असं समजून सही केली. पुढे दोन वर्षांनी एकदा बाई तुरीची डाळ निवडता निवडता सहज म्हणाल्या, "मले एकच तास पाहिजे होता. तू भाव पाडणारा दिसला, म्हणून तीन लिहिले." त्या दिवशी मी जेवलो नाही.

तक्रारवाल्यांसाठी बाईंनी स्वतः एक लाकडी बाक आणून दुकानात ठेवला. मी म्हटलं, खुर्च्या टाकतो, बाकाने जागा अडते. त्यांनी कारण सांगितलं, तेही एका वाक्यात. त्यांचे वडील धोतर घ्यायला जात तेव्हा पायऱ्यांखाली उभे राहत, आणि दुकानदार वर न पाहता भाव सांगून कापड खाली फेकी. "माह्या जागेत गिऱ्हाईक बसून बोलंन," बाई म्हणाल्या. "अन् खुर्चीवर एकटं बसते माणूस. बाकावर शेजारी असते कोणी." त्यानंतर बाकाबद्दल मी बोललो नाही.

पहिल्या काही बाजारांना मी तो तास अर्ध्या तासात उरकायचो. माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच माझं उत्तर तयार. वायसर बदला. बॅटरी पूर्ण चार्ज करत जा. नोझल साफ करा. पुढचा. बाई मागच्या दाराशी खुर्ची टाकून, डोळे मिटून बसलेल्या असत. मला वाटायचं झोपल्या. एकदा सगळे गेल्यावर म्हणाल्या, "बाबू, तू ऐकून नाही राह्यला. तू उत्तरं देऊन राह्यला."

"मंग तक्रारीले उत्तर नाही द्याचं?"

"दे ना. पण माणूस दोनदा थांबते. पहिल्यांदा थांबते ते दम घ्याले. खरी गोष्ट त्याच्यानंतर निघते. तू पहिल्याच वक्ती झडप घालतं."

हे त्यांना एक्स्चेंजमध्ये समजलं होतं. तेव्हा कॉल तीन मिनिटांचा असे. एक म्हातारा कास्तकार मुंबईतल्या पोराला कॉल लावायला आला. पाऊस कसा आहे, गाय व्याली, मामाच्या पोरीचं जमलं, असं बोलत राहिला. तीन मिनिटं झाली आणि बाईंनी नियमाप्रमाणे लाईन काटली. म्हातारा खिडकीशी येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मुख्य गोष्ट तर राहूनच गेली." दुसऱ्या कॉलचे पैसे त्याच्याजवळ नव्हते.

"काय होती मुख्य गोष्ट?" मी विचारलं.

"मले काय माहीत? मी काटली ना लाईन."

इतकंच बोलून बाई आत गेल्या. इतक्या वर्षांनंतरही त्यांना ती गोष्ट पाहिजे होती, हे मला दिसलं.

मग मी थांबायला शिकलो. जड गेलं. मी तापट माणूस, समोरचा रेंगाळला की माझ्या हाताला खाज सुटते. पण पहिल्या थांब्याला मी जीभ दाताखाली धरून बसायचो, आणि खरंच, दुसऱ्या थांब्यानंतर काही वेगळंच निघायचं. पंप जड आहे म्हणणारा माणूस शेवटी सांगायचा की पंप त्याची बायको चालवते आणि तिची कंबर दुखते. बॅटरी टिकत नाही म्हणणाऱ्याच्या घरी रात्रीची वीजच नसायची. हे सगळं मी एका वहीत लिहायला लागलो: नाव, गाव, काय बिघडलं, आणि दुसऱ्या थांब्यानंतर काय निघालं. दुसऱ्यांच्या दुकानातून घेतलेल्या पंपांच्याही तक्रारी लोक आणू लागले. मी हाकलायला निघालो की मागून आवाज यायचा, "बस, बाबा. बोल." आणि खरं सांगायचं तर बाजाराच्या दिवशी अकरानंतर माझ्या दुकानात जी गर्दी व्हायची, ती दुसऱ्या कोणाकडे नव्हती. मी मनात म्हणायचो, माझं बोलणं गोड आहे. माझं बोलणं कधीही गोड नव्हतं.

सहाव्या वर्षी कंपनीने मोबाईलवर ॲप आणलं. आलेली प्रत्येक तक्रार दुकानदाराने त्यात भरायची. मी खूश झालो. वही होतीच, सगळं भरू लागलो. काही महिन्यांनी कंपनीचे विभागाचे साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. त्यांनी आपल्या मोबाईलवर नकाशा दाखवला. त्यात दुकानांचे ठिपके होते, बहुतेक हिरवे, दोनचार पिवळे. घाटंजीचा माझा ठिपका लालभडक.

"विभागात सगळ्यात जास्त तक्रारी तुमच्या दुकानातून आल्या आहेत," साहेब म्हणाले.

"साहेब, सगळ्यात जास्त तक्रारी मी ऐकतो, म्हणून."

"ते सिस्टीमला कसं कळणार?"

मला गप्प करणारी माणसं आयुष्यात फार भेटली नाहीत.

"बाकीच्यांकडे शून्य, एक, दोन अशा येतात," साहेब पुढे म्हणाले. "पुढचं सगळं ग्राहकाच्या अनुभवावर चालणार आहे, शेठ. लाल दुकानाची एजन्सी कंपनी चालू ठेवत नाही. बारीकसारीक गोष्टी कशाला भरता? दोन महिने बघा. नाहीतर वरून निर्णय होईल, माझ्या हातात काही नाही."

एजन्सी गेली तर माझ्याजवळ काय राहणार होतं? परत बाजारोबाजारी सुटे भाग. दोन पोरं यवतमाळला शिकत होती. मी त्या दिवसापासून भरणं बंद केलं. वहीत लिहिणंही बंद केलं, कारण वहीत असलं की हात आपोआप मोबाईलकडे जायचा. दहा ते अकरा मी बसायचो, मान हलवायचो, वायसर काढून द्यायचो, आणि विसरून जायचो.

"वही काहून बंद हाय?" बाईंनी विचारलं.

"आता सगळं मोबाईलवर असते, बाई."

भाव करताना मी आयुष्यभर वाटेल ते बोललो आहे, त्याला मी खोटं धरत नाही. हे मात्र खोटं होतं. बाई माझ्याकडे न पाहता फक्त "हं" म्हणाल्या. दीड महिन्यात माझा ठिपका हिरवा झाला. कंपनीने अभिनंदनाचं प्रमाणपत्र पाठवलं, आणि मी ते गल्ल्यावर लावलं.

त्याच हंगामात कंपनीने पंपाचं नवं मॉडेल आणलं होतं. हलकं, दिसायला देखणं, भराभर खपलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कंबरेला लागली आणि फवारणी जोरात सुरू झाली. एका बाजाराला एक कास्तकार बाकावर बसून म्हणाला, झाकणातून थोडं गळते. मी म्हटलं, घट्ट लावत जा, आणि वायसर दिला. पुढच्या बाजाराला एक बाई म्हणाली, वाकलं की मानेवर थेंब येतात. मी म्हटलं, टाकी गळ्यापर्यंत भरू नका. त्याच्या पुढच्या बाजाराला एक म्हातारा म्हणाला, माह्या रोजदाराची पाठ लाल झाली. मी म्हटलं, त्याले सदरा घालून फवारायले सांगा. तिघं तीन गावांचे. मी एकाचंही लिहिलं नाही, म्हणून एकाजवळ दुसरा ठेवून पाहिला नाही.

चौथ्या बाजाराला एक बाई आली. तिशीतली, नेटकी, पिशवीत पंपाचं नुसतं झाकण घेऊन. बाकाच्या टोकावर बसली.

"शेठ, हे झाकण बदलून द्या ना. पंप मालकाचा हाय. बिघडला म्हणून मालक आमच्यावर आणंन. माह्या घरचा त्याच्या वावरात फवारते."

ती थांबली. मी नवीन वायसर काढला, झाकणात बसवून दिला आणि म्हटलं, "झालं. पैसे नको. पुढचे कोण?"

ती उठली नाही. मी पुढच्या माणसाकडे वळलो होतो. मागून बाईंचा आवाज आला, "थांब बाबू." मग त्या बाईला, "बोल माय. ऐकून राह्यलो आम्ही."

तिने पिशवीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाली, "ते यवतमाळच्या दवाखान्यात हायेत. दोन दिवस झाले. उलट्या थांबून नाही राह्यल्या. डोळ्यानं अंधुक दिसते म्हणतात. डॉक्टरनं इचारलं औषध अंगावर सांडलं काय. मी म्हटलं नाही, ते सांभाळून फवारतात. पण सदरा धुतला तं पाठीचा भाग औषधानं चिकट होता."

तिचं नाव लता. नवऱ्याचं सुदाम.

"हे कितवं झाकण?" बाईंनी मला विचारलं.

"पहिलंच, बाई."

"चौथं." बाईंनी डोळे मिटले आणि एकेक सांगितलं: अमक्या गावचा, खोकणारा कास्तकार, थोडं गळते म्हणाला. तमक्या गावची, आवाज बसलेली बाई, मानेवर थेंब. नदीपलीकडचा म्हातारा, रोजदाराची पाठ. शब्द न् शब्द. तारा जोडणाऱ्या बाईच्या कानात सगळं नोंदलेलं होतं. "मले वाटलं तू लिहून राह्यला," त्या म्हणाल्या. "मले वाटलं मोबाईलवर असते सगळं."

बाई उठल्या, लोकांना म्हणाल्या, "आज दुकान बंद," आणि सत्तरीच्या वर वय असताना हुक लावून शटर स्वतः खाली ओढलं. फवारणीचा हंगाम, बाजाराचा दिवस, सकाळचे पावणेअकरा. बाहेर रांग.

मी पेटलो. "बाई, दुकान माहं हाय!"

"जागा माही हाय."

"मले भिकेले लावता काय? लाल झालो तं एजन्सी जाते, समजते काय तुमाले?"

"जाऊ दे."

"तुमाले म्हणाले काय जाते! तुमची पेन्शन चालू हाय!"

अख्ख्या रस्त्याने ऐकलं. समोरचा कापडवाला दारात येऊन उभा राहिला. बाई तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, "ओरडून झालं की लतेले यवतमाळले घेऊन जा. तिले तासभर यष्टी नाही."

चारचौघांत त्यांनी माझं शटर पाडलं, याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही. आत बोलावून सांगता आलं असतं. हे माझं आजही ठाम मत आहे.

लतेला मोटरसायकलवर बसवून मी यवतमाळला गेलो. वाटेत एका टपरीवर थांबून कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. यंत्र बोललं: नवीन पंपासाठी एक, सुट्या भागांसाठी दोन, वॉरंटीसाठी तीन. माणूस आजारी पडला, याच्यासाठी आकडा नव्हता. मी तीनही दाबून पाहिले. मग बाईंसारखं म्हणून पाहिलं, "झालं तुहं? आता माणूस दे." यंत्राने सुरुवातीपासून परत सांगायला घेतलं. लता शेजारी उभी राहून ऐकत होती.

सुदाम वाचला, हे इथंच सांगतो. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावून मला काही मिळवायचं नाही. मी त्याच्या खाटेशी बसलो आणि सांगितलं की हे झाकण गळते, हे मला तुझ्याआधी तिघांनी सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही. शिव्या खायची तयारी ठेवली होती. तो छताकडे पाहत म्हणाला, "मंग बाकीच्याले सांगितलं काय, शेठ? गावात तसे सहा पंप हायेत."

संध्याकाळी परत आलो तेव्हा शटर वर होतं आणि बाई गल्ल्याशी बसल्या होत्या. समोर माझी बंद पडलेली वही. मी आठवून आठवून सगळं लिहिलं, जिथं अडलो तिथं बाईंनी सांगितलं. मग ते मोबाईलवर भरलं. मग कागदावर कंपनीला पत्र लिहिलं: नवं मॉडेल वाकल्यावर झाकणातून गळतं, औषध पाठीवर येतं, एक माणूस दवाखान्यात आहे, विक्री थांबवा. खाली माझं नाव, सही, दुकानाचा शिक्का. ठिपका झोपायच्या आत लाल झाला. ते मॉडेल ज्यांना ज्यांना विकलं होतं, त्यांच्या गावी मी पुढचे चार दिवस फिरलो आणि पंप खाली ठेवायला सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी विचारलं, मग पऱ्हाटीवर फवारू कायनं, तुह्या तोंडानं?

पुढच्या बाजाराला साहेब गाडी घेऊन आले. वेळ सव्वादहाची. सरळ गल्ल्याकडे यायला लागले. मागच्या दारातून बाई म्हणाल्या, "बसा. नंबर येऊ द्या."

"मी कंपनीकडून आलोय, आजी."

"हो, म्हणूनच. बसा."

साहेब बाकावर बसले. एका बाजूला सुदामच्या गावचा कास्तकार, दुसऱ्या बाजूला ती आवाज बसलेली बाई. पाऊण तास त्यांच्यापुढे सगळे बोलले. त्या बाईने पदर बाजूला करून मानेवरचा चट्टा दाखवला. सुरुवातीला साहेब मोबाईल पाहत होते, मग त्यांनी तो खिशात ठेवला. त्यांचा नंबर आला तेव्हा ते म्हणाले, "मला ऑफिशियली काही बोलता येणार नाही." थांबले. आम्ही कोणीच बोललो नाही. बरेच थांबले. मग हळूच म्हणाले, "सहा तालुक्यांत तेच मॉडेल आहे. आणि सगळीकडे हिरवं आहे."

पंधरा दिवसांत एजन्सी गेली. दोन माणसं येऊन कंपनीची पाटी काढून घेऊन गेली, भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. आणि त्यानंतर आठ दिवसांनी कुरिअरने दोन मोठे खोके आले. आत नव्या घडणीची झाकणं. पत्र नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. मी कोणालाही न विचारता ती वाटली. गावोगाव जाऊन स्वतःच्या हाताने बसवली, सुदामच्या गावातल्या सहाही पंपांना.

बिनपाटीचं माझं दुकान पडेल असं रस्त्यावर सगळ्यांना वाटलं, मलाही. पडलं नाही. मी सगळ्या कंपन्यांचे पंप दुरुस्त करायला लागलो, मग दोन लहान कंपन्यांचे ठेवायला लागलो. गिऱ्हाईक पाटी पाहून येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्या पोरांची शिक्षणं त्या दुकानावर झाली. आजही जे काही चालतं ते सगळं त्या एका तासावर उभं आहे, आणि तो तास मी स्वतः मागितला नव्हता. तो माझ्याकडून लिहून घेतला होता. याचे उपकार मी कशात मोजू?

पण माझी खरी जखम वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी यवतमाळला विक्रेत्यांची मोठी बैठक होती. विषय होता, उद्याच्या ग्राहकाचा अनुभव. मलाही बोलावणं आलं. जुनी कंपनीही होती. व्यासपीठावरचा तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होता. तक्रारीला आता यंत्र तीन सेकंदांत उत्तर देईल, गिऱ्हाईक बोलायच्या आत त्याला काय पाहिजे ते संगणक ओळखेल, असं बरंच काही. आणि मग एक फोटो आला. एका शेतात टोपी घातलेली कंपनीची माणसं, हातात झाकणं. खाली लिहिलं होतं: ग्राहकाचं मन आधीच ओळखून कंपनीने स्वतःहून राबवलेली झाकण-बदल मोहीम. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून बाहेर आलो आणि बाईंना फोन लावला. तेव्हा त्या नागपूरला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. पाच मिनिटं मी नुसता ओरडत होतो. माझं पत्र, माझा शिक्का, माझी गेलेली पाटी, आणि फोटो त्यांचा! बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"झाकणं बसली ना?" त्या म्हणाल्या.

"बसली, पण नाव..."

"पाठीले काय समजते झाकण कोणाच्या नावानं बसलं ते?"

"मले समजते ना, बाई!"

त्या हसल्या. फार कमी हसत. मग विचारलं, "तिथं शेवटी लोकायले बोलू देतात काय?"

"देतात. दहा मिनिटं. आत जातो अन् सांगतोच सगळ्यायले."

"जा. पण या बाजाराले बाकावर कोण येऊन बसलं होतं?"

मी क्षणभर गोंधळलो. मग सांगितलं, "लता. आता तीच फवारते, सुदामले डॉक्टरनं मना केलं. पट्टा खांद्यावरून घसरते म्हणे. शेवटच्या छिद्रात अडकवला तरी ढिला राहते. टाकी कंबरेच्या खाली लोंबते."

"हं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. शाबासकी नाही, काही नाही.

मी आत गेलो. प्रश्नांची वेळ झाली होती. हात वर केला, माईक माझ्याकडे आला. माझं नाव, माझं दुकान, ते पत्र, सगळं जिभेवर रचून ठेवलेलं होतं. तीनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "आमच्याकडं आता अर्ध्या बाया फवारतात. तुमचा पट्टा पुरुषाच्या मापाचा आहे. बाईच्या खांद्यावर तो बसत नाही, टाकी घसरते, आणि औषध कंबरेवर येतं. शेवटच्या छिद्राच्या पुढे अजून तीन छिद्रं पाहिजेत."

मागे कोणी तरी हसलं. तज्ज्ञ गोड आवाजात म्हणाला, "फार छान सूचना आहे, सर. आपण यावर नंतर वेगळं बोलू. ॲपवर टाका ना."

"नाही," मी म्हटलं. "लिहून घ्या. मी थांबतो."

आणि मी माईक हातात धरून तिथंच उभा राहिलो. तज्ज्ञ आधी हसला, मग सूत्रसंचालकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या जुन्या साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि उठून ते तज्ज्ञाच्या हातात दिलं.